देवीला दिलेलं मीठ

डॉक्टरांनी मला तोंड उघडायला सांगितलं. मला वाटलं जीभ बघतील, सगळे जीभच बघतात. त्यांनी खालचा ओठ बोटानं ओढून हिरड्या बघितल्या. मग तळहात उघडायला लावले आणि रेषांवरून अंगठा फिरवला. रेषा काळ्या झाल्या होत्या, शाईनं ओढल्यासारख्या. कोपरावर लहानपणी पडल्याचा व्रण होता, तोही काळाकुळकुळीत. त्यांनी शिकाऊ डॉक्टरांना जवळ बोलावलं आणि इंग्रजीत काहीतरी सांगितलं. त्यातले दोन शब्द मला ऐकू आले, कारण ते दोन-तीनदा आले. ॲडिसन्स डिसीज.

मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "बाई, मीठ फार खावंसं वाटतं का?"

"वाटतं. पण मी मीठ सोडलंय."

"सोडलंय म्हणजे?"

"देवीला दिलंय."

त्यांचा आवाज असा चढला की वॉर्डातल्या सगळ्या बायका खाटेवर उठून बसल्या. "तुमच्या अंगात मीठ टिकत नाही, हाच तुमचा आजार आहे. आणि तुम्ही मीठ सोडून बसलात? आणखी थोडे दिवस गेले असते तर इथे आणायची गरजच पडली नसती." मी घरच्यांकडे, म्हणजे माझ्या नवऱ्याकडे बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते. मला रडू आलं नाही. राग आला. डॉक्टरांचा, देवीचा, सासूचा, माझा, कुणाचा ते कळत नव्हतं, पण आला.

हे मी लिहिते आहे ते ज्यांच्या घरी असं कुणी असेल त्यांच्यासाठी. मला लिहायची सवय नाही. शाळा चौथीपर्यंत. मी मूळची कारवारकडची, माजाळीची. चौथीत असताना मानेवर गाठी आल्या, पाल्याचे लेप लावून लावून त्या बसल्या, पण तोवर शाळा सुटली ती सुटलीच. पुढे लग्न होऊन तारकर्लीला आले. आमच्या गाबीत, म्हणजे मासेमारी करणाऱ्या लोकांत सोयरीक लांबची होते. पण त्या वेळी मधे पोर्तुगीजांचा गोवा होता, आणि गोव्याच्या हद्दीवर पहारा. माहेरी जायचं तर बेळगावावरून वळसा घालून जावं लागे. आजारी असताना माहेरचं कुणी आलं नाही, ते त्यामुळे. त्यांना दोष देत नाही. पण तेव्हा दिला.

सत्तावन्न सालच्या दिवाळीनंतर सुरू झालं. बांगडा जोरात होता. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून माणसं ओढतात ते मोठं जाळं, बाहेर आली की आम्ही बायका वाळूतच बसायचो, मासे चिरायचो, शिरोड्याचं मीठ भरायचो, माठात थर लावायचो. त्या वर्षी माझे हात चालेनात. अर्धी पाटी झाली की डोळ्यांपुढे अंधारी यायची. बसलेली उठले की पडल्यासारखं व्हायचं. बाजूच्या बायका म्हणायच्या, "कारवारीण सुकुमार हा गो, तिका पाट देवा बसूक."

अंग काळं पडत चाललं होतं, पण समुद्रावर काळं कोण नसतं? तिथे कुणाच्या नजरेला ते आलंच नाही. कट्टा गावच्या बाजारात सुकी मासळी घेऊन जायचे, तिथली एक गिऱ्हाईक बाई मात्र म्हणाली, "काय गो, बांगड्यांवांगडा तू पण वाळत पडलंस काय?" सगळा बाजार हसला. मीही हसले. आता वाटतं, माझ्या आजाराचं पहिलं निदान त्या बाईनं केलं, आणि आम्ही सगळ्यांनी ते हसण्यावारी नेलं.

आणि मिठाची ओढ. ही मी कुणाला सांगत नव्हते. मासे मिठात घालताना बोट चाटायचे. माठातलं खारं पाणी ओंजळीनं प्यावंसं वाटायचं आणि एकदा प्यायलेही. लोणच्याचा नुसता खार भातावर घ्यायचे. सासूबाईंनी ते पाहिलं. त्याच सुमाराला मला सकाळच्या उलट्या सुरू झाल्या आणि महिन्याची पाळीही चुकली.

पुढचं तुम्हाला कळलंच असेल. लग्नाला तीन वर्षं झाली होती, मूल नव्हतं. सासूबाईंचा चेहरा असा फुलला की मला त्यांना काही सांगवेना. "खा गो बाये, खा. डोहाळे आसत ते. माका तर चुलीची माती गोड लागायची." त्यांनी स्वतः माझ्यासाठी आंबाड्याचं लोणचं घातलं, जास्त मीठ घालून. खारे बांगडे भाजून ताटात वाढले. मला वाटायचं, सांगावं की मला तसं काही वाटत नाहीये, मी फक्त थकलेली आहे. पण घरात पहिल्यांदाच मला कुणी कारवारीण म्हणत नव्हतं. सगळे बाय म्हणत होते.

महिने गेले, पोट आलं नाही. उलट आतच गेलं. मालवणच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की गरोदर नाही, रक्त कमी आहे. लोखंडाचं औषध दिलं, त्यानं उलट्या वाढल्या. मग लिव्हरची इंजेक्शनं दिली. मग जंतांचं औषध. मग एक दिवस ह्यांना बाजूला घेऊन म्हणाले, "माहेर लांब आहे ना तिचं? मनाला लागलंय. थोडं फिरवून आणा." मी दाराआड उभी राहून ऐकत होते. उभं राहवेना म्हणून भिंतीला धरून खाली बसले. फिरवून आणा म्हणे. मला आमच्या विहिरीपर्यंत जाता येत नव्हतं.

त्या पावसाळ्यात मी जगले ती खाऱ्या मासळीवर. हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं. पावसात होड्या बंद, घरात सुकी नि खारी मासळीच खायची. "तुम्हाला कळलं नाही, पण तेच तुमचं औषध होतं," ते म्हणाले.

आणि श्रावणात ते औषधच काढून घेतलं.

सासूबाईंना आता लोकांचं ऐकवत नव्हतं. सून पोटुशी म्हणून सगळ्या वाडीला सांगून बसल्या होत्या. त्या मला देवळात घेऊन गेल्या. आमच्याकडे देवीला प्रश्न घालतात. घाडी म्हणजे गावाच्या वतीनं देवीशी बोलणारा माणूस. तो गाऱ्हाणं घालतो, मूर्तीच्या अंगावर फुलाच्या पाकळ्या लावतो. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. त्याला कौल म्हणतात. सासूबाईंनी माझी मिठाची ओढही घाड्याला सांगितली. घाडी म्हणाला, "मगे ताच देवीक देवचा. जा जास्त आवडता, ता देवाक दिल्याशिवाय देव कशाक बगतलो?" पाकळी उजवी पडली. जत्रेपर्यंत मी मीठ सोडायचं, असा कौल निघाला.

मी मान डोलावली. मलाही बरं व्हायचं होतं. तुम्हीही डोलावली असती.

अळणी भात, अळणी पेज. पहिले काही दिवस मी झोपेतही मीठ चघळायचे. मग अन्नच नकोसं झालं. पाणी प्यायलं तरी उलटी. एका दुपारी मी चुलीपुढेच पडले. पडताना मला फक्त सासूबाईंचे पाय दिसले, त्या धावत येत होत्या. ह्यांनी मालवणच्या डॉक्टरांना विचारलंच नाही. खाजगी गाडी ठरवून फोंडाघाटानं थेट घाटावरच्या मोठ्या मिशन इस्पितळात आणलं. ओळखीच्या एका ड्रायव्हरची पुतणी तिथे नर्स होती, तेवढाच आधार.

इस्पितळात मी पुष्कळ दिवस राहिले. किती, ते मोजायचं सोडून दिलं होतं. पण जे केलं ते सांगते, म्हणजे तुम्हाला भीती वाटणार नाही.

रक्तदाब पुन्हा पुन्हा घेतला, झोपवून आणि उभं करून. उभी केली की तो एकदम खाली यायचा. रक्त तपासलं, त्यात मीठ कमी निघालं. दिवसभराची लघवी एका मोठ्या बाटलीत साठवायला लावली. ह्याचं मला फार वाईट वाटलं, पाहुण्यांसमोर बाटली घेऊन जायचं म्हणजे. पण शेजारच्या खाटेवरची सोलापूरची आजी म्हणाली, "अगं, इथं कुणी वऱ्हाडी नाहीत. ने बिनधास्त." एके सकाळी खूप पाणी प्यायला लावलं आणि किती बाहेर येतं ते मोजलं. चांगल्या माणसाचं पाणी लवकर बाहेर येतं, माझं येत नव्हतं. त्या दिवशी मी अशी आजारी पडले की तपासणी मधेच थांबवावी लागली. शिकाऊ डॉक्टर घाबरले होते आणि मला त्यांचीच कीव आली.

पोटाचा क्ष-किरण फोटो काढला. त्यात दोन्ही मूत्रपिंडांच्या वर चुन्यासारखे ठिपके दिसले. डॉक्टरांनी फोटो दिव्यापुढे धरून मला दाखवला. ॲड्रिनल ग्लँड म्हणजे दोन छोट्या ग्रंथी, मूत्रपिंडांच्या वर टोपीसारख्या बसलेल्या. त्यांतून एक रस रक्तात जातो. तो रस अंगातलं मीठ धरून ठेवतो, ताप आला, मार लागला, तर अंगाला बळ देतो. माझ्या मानेच्या लहानपणच्या गाठी क्षयाच्या होत्या, आणि तोच क्षय ह्या ग्रंथींत जाऊन बसला होता आणि त्यांना खाऊन गेला होता.

"मग आता त्या परत होणार नाहीत?"

"नाहीत. पण त्यांचा रस गोळीत मिळतो आता. कॉर्टिझोन. काही वर्षांपूर्वी आला असतात तर माझ्याकडे द्यायला काही नव्हतं."

मला एवढं समजलं की आमच्या माठाला चीर गेली की खारं पाणी झिरपून जातं आणि मासा कुजतो. माझं तेच झालं होतं. चीर बुजत नाही, पण वरून रोज मीठपाणी घालत राहायचं. हे मी डॉक्टरांना म्हटलं तर ते हसले आणि म्हणाले, "बरोबर. आणि एक दिवसही चुकवायचं नाही."

कॉर्टिझोनची पहिली गोळी घेतल्यावर काय झालं ते मला लिहिता येत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मला भूक लागली. एवढंच. मी ताटातलं सगळं खाल्लं आणि सोलापूरच्या आजीच्या ताटाकडे बघितलं. तिनं अर्धी भाकरी माझ्याकडे सरकवली. मी जेवणात वरून मीठ घ्यायचे, नर्स दुधातही मीठ द्यायची. ते दूध मी चवीनं प्यायचे. शेजारच्या बायका तोंड फिरवायच्या.

आता वैतागाचं सांगते, कारण बरं वाटण्याचं सगळे सांगतात.

घरी आले ती अंगावर थोडी सूज घेऊन. चेहरा गोल झाला होता. गोळीनं होतं तसं, मात्रा बसेपर्यंत. वाडीतल्या बायका बघायला आल्या आणि म्हणाल्या, "आजार खंय गो तुझो? चांगली गुबगुबीत झालंस की!" कुणाकुणाला सांगणार? रोज कंपाउंडरकडे स्ट्रेप्टोमायसिनचं इंजेक्शन घ्यायला मालवणला जायचं, क्षयासाठी. कमरेवर टोचून टोचून बसायची सोय राहिली नाही. गोळ्या घाटावरून एस.टी.नं यायच्या. उशीर झाला की आमचे हे कट्ट्याच्या स्टँडवर जाऊन गाडीची वाट बघत बसायचे. मालवणच्या दुकानात मिळत नव्हत्या. दुकानदार प्रत्येक वेळी विचारायचा, "कसल्या गोळ्या म्हणालात?" प्रत्येक वेळी नव्यानं.

पण खरा त्रास घरातच होता.

सासूबाई मला मीठ वाढत नव्हत्या. भांडण नाही, आरडाओरडा नाही. माझं ताट अळणी यायचं. मी घाटावर मीठ खाल्लं हे त्यांना माहीत होतं. ह्यांनी डॉक्टरांचं म्हणणं त्यांना सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "डॉक्टराक आमची देवी म्हायती हा काय? जत्रेपर्यंत दिलेला आसा. मोडूचा कसा?" मी आंघोळीच्या खोलीत मिठाची पुडी ठेवून खायचे. आपल्याच घरात चोरी. त्यातच रापणीचं जाळं खडकात अडकून फाटलं. कुणी तोंडावर बोललं नाही, पण पाटीभर मासळी वाटून घेताना आमच्या वाट्यापुढे एक बाई म्हणाली, "देवीक दिलेला परत घेतला की असाच जाता." सासूबाईंनी ते ऐकलं. घरी येऊन त्या माझ्याशी बोलल्याच नाहीत. मला वाटलं, ह्या घरापेक्षा इस्पितळ बरं.

मग तापाची साथ आली. डॉक्टरांनी बजावलं होतं, ताप आला की गोळी दुप्पट करायची, उलटी झाली तर थांबायचं नाही, लगेच डॉक्टरांकडे जायचं, इंजेक्शन लागेल. ते सगळं मला पाठ होतं. पण सकाळी ताप चढला आणि गोळी घेतली ती उलटीत गेली, दुसरी घेतली तीही गेली. हे होडीवर गेलेले. घरात मी आणि सासूबाई. मला उठता येईना. माझं बोलणं मलाच लांबून ऐकू येत होतं.

मी म्हटलं, "आये, मीठ द्या."

त्या उभ्याच. मी परत म्हटलं. मग मी म्हटलं, ते मला आठवतं, "मी मेले तर देवीला मीठ कोण देणार?"

त्या आत गेल्या. मला वाटलं, गेल्या. परत आल्या तेव्हा हातात पेजेचं वाडगं होतं आणि त्यात त्या बोटानं मीठ ढवळत होत्या, मूठभर तरी असेल. माझं डोकं मांडीवर घेतलं.

"देवीक काय सांगूचा ता मी सांगतंय. तू त्वांड उघड."

एक घोट, मग थोडं थांबून दुसरा. उलटी आली की त्या पुन्हा भरवायच्या. मधेच ओरडून शेजाऱ्याला हाक मारली आणि बैलगाडी जोडायला लावली. मालवणला मला नेलं तोवर त्या वाडग्यातलं सगळं माझ्या पोटात होतं. मालवणच्या डॉक्टरांकडे इस्पितळानं पाठवलेली इंजेक्शनं ठेवली होती. त्यांनी लगेच सुई टोचली. "मला तेव्हा ओळखता आलं नाही," असं ते म्हणाले. मी डोळे मिटून घेतले. अंगात त्राण नव्हतं आणि क्षमा करायला मन नव्हतं. आता वाटतं, करायला हवी होती. त्यांनी पुढे मला बरीच वर्षं सांभाळलं.

जत्रेच्या आधी सासूबाई मला देवळात घेऊन गेल्या. मी म्हटलं, आता परत काय सोडायचं? त्या म्हणाल्या, "गप बस."

घाड्याला त्यांनी सांगितलं की सुनेचं व्रत आपण घेतो. घाडी म्हणाला, "मीठ काय उसना देवक येता गो? साखर न्हय ती शेजाऱ्याक वाटीभर देवची." देवळात आलेले चार लोक हसले.

"माका शिकव नको," सासूबाई म्हणाल्या. "मीठ सोडूचो कौल मी मागलेलो. तिना मागूक नव्हतो. देवीक इचार, माझा मीठ चलता काय."

"पण मोडलेला व्रत जोडूचा, तर फुडल्या जत्रेपर्यंत पुरा वरस होया."

"मगे वरस धरतंय."

घाड्यानं गाऱ्हाणं घातलं. "आये माउली, ह्या लेकरान तुका मीठ दिला, दुखण्यान ता परत घेवचा लागला. आता तिची सासू पुढे इली हा. लेकराची चूक पोटात घाल, सासूचा मीठ घे, आणि लेकराक बरा कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

पाकळ्या लावल्या. एकही पडेना. घाड्यानं मला उभं राहायला बजावलं होतं. देवळात गर्दी, उकाडा, आणि मी उभी. डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली तेव्हा मला कंटाळा आला, देवीचाही. मी खाली बसले. कुणीतरी "उठ गो, उठ" म्हणालं. सासूबाई म्हणाल्या, "बसांदे तिका. मी उभी आसय मा?" मग पाकळी पडली. उजवी.

पुढचं वर्ष सोपं होतं असं सांगितलं तर खोटं ठरेल. माझा चेहरा मूळ पदावर आला, अंगाचा काळेपणा थोडा उतरला, पाळी आली. पण जेवायला बसलं की समोर सासूबाई अळणी भात खायच्या, आणि मी खारा. प्रत्येक घास मला बोचायचा. कधीकधी वाटायचं, हे त्या मला दाखवायलाच करतायत. एकदा राग अनावर होऊन मी म्हटलंसुद्धा.

त्यांनी ताटावरून मान वर केली नाही. "दाखवूक कशाक? माका हौस आसा काय? पावसात खारो बांगडो नसल्यार भात घशाखाली जाता काय माझ्या?" मग पाण्याचा घोट घेऊन, "तुझो राग मिठासारखो आसा. जरा कमी घाल."

त्या एकदाही म्हणाल्या नाहीत की चुकलं. मला वाटायचं, एकदा तरी म्हणावं. आता मी ती वाट बघत नाही. जी माणसं चूक कबूल करत नाहीत, ती कधीकधी दुसऱ्या वाटेनं परतफेड करतात. आपल्याला ती वाट आवडत नाही, पण ती असते.

माझ्यासारखा आजार ज्याला आहे त्याला इतकंच सांगते. गोळी कधीच बंद करू नका, बरं वाटलं म्हणून तर मुळीच नको. ताप आला, दात काढायचा असला, पडलात, भीतीचा मोठा धक्का बसला, तर जास्त लागते, हे आधी डॉक्टरांना विचारून ठेवा. उलटी झाली तर थांबू नका. प्रत्येक नव्या डॉक्टरला सगळं पहिल्यापासून सांगा, तो वैतागला तरी. आणि तुमच्या घरातल्या माणसांना बसवून नीट समजावा. मी समजावलं नाही. मी गप्प राहिले आणि चोरून पुडी खाल्ली. पुडीनं माणूस बरं होत नाही.

पुढची जत्रा झाली. व्रत पुरं झालं. दुसऱ्या दिवशी मी स्वतः बांगड्याचं तिखलं केलं, त्यांना आवडतं तसं, त्रिफळं घालून. माझा हात मिठात जरा सैल पडतो म्हणून त्या दिवशी जपून घातलं. सगळे जेवायला बसले. सासूबाईंनी पहिला घास तोंडात घातला आणि तोंड वेडंवाकडं केलं.

"खारट गो! कितका मीठ घातलंस? समिंदर वतलंस काय?"

हे म्हणाले, "आये, माका तर बरोबर लागता."

मी चाखून बघितलं. माझ्या जिभेला ते जवळजवळ अळणी लागत होतं. मला हसू येत होतं आणि रागही येत होता, वर्षभर ज्याची वाट बघितली त्या जेवणाला खारट म्हणून नावं ठेवायची. त्यांनी बांगड्याचा तुकडा पाण्यात बुडवून धुतला आणि खाल्ला. मग माझ्याकडे बघितलं.

"तुका कसा लागता?"

"अळणी, आये."

त्यांनी डाव्या हातानं मिठाचं वाडगं माझ्या ताटापाशी ढकललं. "मगे बघतंस काय? घाल."

मी घातलं. भरपूर घातलं. त्या बघत होत्या आणि मी सगळं खाईपर्यंत त्यांनी वाडगं जागचं हलवलं नाही.